पाठीवरचे तुतवार

आमच्या किनाऱ्यावर पक्षी मोजायचे तर भरती ऐन भरात असतानाच मोजावे लागतात. ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की त्याचा नुसता आवाज उरतो. मागे राहतो तो चिखल, आणि त्या चिखलावर हजारो पक्षी पांगलेले असतात, कोणाचा कोणाला पत्ता नाही. भरती त्यांना गोळा करून आणते. पाणी पायांशी आलं की ते चार पावलं मागे सरतात, पुन्हा आलं की पुन्हा सरतात, आणि शेवटी एका लांबट वाळूच्या पट्ट्यावर अंगाला अंग लावून उभे राहतात. एका पायावर, चोच पंखात खुपसून, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. असे ते पाऊण तास उभे असतात. त्या पाऊण तासात मोजले तर मोजले.

त्या पट्ट्याला आमच्या वहीत ‘स्थळ तीन’ म्हणतात. सहा हिवाळे ते माझं होतं. किनाऱ्यावर अशी पाच स्थळं आहेत, पाच मोजणारे आहेत, आणि वही मास्तरांकडे असते. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. बंदराच्या रस्त्यावर त्यांचं दुकान आहे. एकतीस वर्षं झाली, अमावास्या-पौर्णिमेचं मोठं उधाण आलं की ते दुकानाला कुलूप घालतात आणि स्थळ एकवर जाऊन उभे राहतात. गिऱ्हाइकांनाही आता सवय झालीय. लग्नाचा कोट शिवायला टाकताना लोक आधी भरतीचं वेळापत्रक बघतात.

मला मोजायला त्यांनीच शिकवलं. पक्षी एकेक करून मोजायचे नाहीत. डोळ्याने दहांचा गठ्ठा धरायचा आणि हातातला क्लिकर एकदा दाबायचा. क्लिकर म्हणजे मुठीत मावणारी लोखंडी डबी, अंगठ्याने खटका दाबला की आकडा एकने पुढे जातो. डोळा दुर्बिणीवरून उचलायचा नाही, आकड्याकडे बघायचं नाही. संपलं की मग बघायचं, शेवटी एक शून्य जोडायचं आणि चिठ्ठीवर लिहायचं. दोघे शेजारी उभे असले तरी चिठ्ठी लिहून होईपर्यंत एकमेकांना आकडा सांगायचा नाही. आणि जो आकडा पुन्हा मोजायला आपण तयार नाही, तो लिहायचाच नाही. मास्तरांचे नियम एवढेच.

गेल्या हिवाळ्याचा शेवट मी पोट सांभाळत घरात काढला, आणि तेवढे दिवस स्थळ तीनची जागा वहीत कोरीच राहिली. या हिवाळ्याच्या तोंडाशी गोटी सात महिन्यांची झाली. गोटी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे, पण ती जन्मली तीच अशी गोल आणि गुळगुळीत की कागदावरच्या नावाने तिला अजून कोणी हाक मारलेली नाही. मोसमाची पहिली बैठक बंदरातल्या जुन्या होडीघरात होती. मी तिला घेऊनच गेले. तिने बैठकीत कोणाची तरी पेन्सिल चघळली.

स्थळ पाच दातांचे डॉक्टर सांभाळतात. तिथे खडकांवर पंधरावीस कालवफोडे बसतात, लांब लाल चोचींचे, आणि बाकी नुसता वारा. तीन वर्षं डॉक्टरांचा डोळा माझ्या पट्ट्यावर होता, पण माणूस सरळ. त्यांनी आडून काही विचारलं नाही. एवढं लहान बाळ घेऊन पाऊण तास डोळा न हलवता उभं राहणं जमेल का, नाही तर या वर्षापुरतं मी घेतो, असं ते माझ्याकडे बघूनच म्हणाले. कोणीतरी चेष्टा केली की डॉक्टरांना बत्तीसच्या पुढे मोजायची सवय नाही. सगळे हसले, डॉक्टरही हसले. पण प्रश्न तिथेच बसून राहिला.

मास्तरांनी वही मिटली. “तिचा आकडा तो माझा आकडा,” ते म्हणाले.

घरी येताना माझे पाय जमिनीवर नव्हते. सात महिने माझं जग एका खोलीएवढं झालं होतं. ती खोली मला आवडत नव्हती असं नाही. तिच्यात दुधाचा वास होता, आणि दुपारी भिंतीवर ऊन सरकायचं ते आम्ही दोघी बघत पडायचो. पण या किनाऱ्यावर मी कोणाची तरी आई होण्याआधी कोणीतरी होते, आणि तिला मास्तरांनी अजून ओळख दिली होती.

पहिल्या मोजणीची भरती रविवारी साडेअकराची होती. गोटीची झोपही साडेअकराची. मी मनात म्हटलं, दोघींनी मिळून ठरवलेलं दिसतंय. माझ्या सासूबाई प्रसूतीच्या वॉर्डात सिस्टर आहेत, तीस वर्षांची नोकरी, त्यामुळे त्या कोणत्याच बाळाच्या बाबतीत घाबरत नाहीत. तरी निघताना त्यांनी गोटीची टोपी दोनदा ओढून घट्ट केली आणि पक्ष्यांना म्हणावं जरा हळू ओरडा, असं मला बजावलं.

गोटीला कापडी झोळीत छातीशी बांधून मी वाळूच्या टेकाडावर ट्रायपॉड रोवला. समोर पट्टा भरत आला होता. तुतवार सगळ्यांत जास्त, मुठीएवढे, पाठीवर राखाडी, पोटाशी पांढरे. त्यांच्यात अधूनमधून चिखले, जे थोडं धावतात आणि एकदम थांबतात, घरात काहीतरी विसरून आल्यासारखे. पट्ट्याच्या मधोमध एक मोडका खांब आहे. त्यावर कैकर बसला होता, पायाखाली मासा दाबून. एवढा मोठा शिकारी पक्षी, पण तो फक्त मासे खातो हे तुतवारांना पक्कं माहीत आहे. ते त्याच्या सावलीत झोपतात. थोड्या वेळाने मागच्या गवतावरून एक भोवत्या, तोही शिकारीच, खाली खाली तरंगत आला, तेव्हा पट्ट्यावर माना वर झाल्याची एक लाट गेली आणि ओसरली. भोवत्या शिकार धरतो ती गवतातली. कोणाला किती घाबरायचं ते या पक्ष्यांचं अगदी मापात असतं.

मी डावीकडून सुरुवात केली. डावा हात दुर्बिणीच्या दांड्यावर, उजव्या मुठीत क्लिकर. दहा, खट. दहा, खट. हात काही विसरला नव्हता. कितीतरी दिवसांनी माझं डोकं एकाच गोष्टीवर होतं, आणि ती गोष्ट रडत नव्हती.

खांबापर्यंत पोचले आणि गोटी चुळबुळली. आधी पाय, मग रडण्याच्या आधी येतो तो कुईकुई आवाज. डावा हात सोडला असता तर दुर्बीण हलली असती आणि मोजता मोजता धरलेली जागा हरवली असती. म्हणून मोजणं थांबवून मी डोळा तसाच खांबावर रोखला आणि उजव्या हाताने तिला थोपटत राहिले. वारा होता, पक्ष्यांचा गलका होता. एकदोन मिनिटांत ती पुन्हा झोपली. मी खांबापासून पुढे मोजायला लागले आणि पट्टा संपवला.

क्लिकरवर चारशे सव्वीस. म्हणजे चार हजार दोनशे साठ तुतवार.

होडीघरात मास्तरांनी माझी चिठ्ठी हात लांब करून धरली, मग मलाच मोठ्याने वाचायला लावली. गेल्या वर्षी साडेतीन हजारांच्या आत होते. सगळे खूश झाले. डॉक्टरांनी हा बाळाचा पायगुण म्हणून जाहीर केलं आणि तिला बिस्किट देऊ केलं. दात यायच्या आधीच दातांचे डॉक्टर बिस्किटं वाटतात, म्हणजे पुढचं गिऱ्हाईक आत्ताच बांधून ठेवतायत, असं मी म्हटलं. मोठी मजा आली त्या दिवशी.

क्लिकर माझ्या जॅकेटच्या खिशात राहिला होता. सोमवारी दुपारी गोटी काही केल्या झोपेना. मांडीवर झालं, खांद्यावर झालं, खिडकीशी झालं. तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालताना मी दाराआडच्या जॅकेटमध्ये रुमाल शोधायला हात घातला, तर हाताला क्लिकर लागला आणि सहज दाबला गेला. खट. गोटी रडायची थांबली. मी पुन्हा दाबला. तिने डोळे मिचकावले. गंमत म्हणून मी दाबतच राहिले, आणि बघता बघता तिच्या पापण्या जड झाल्या, मान माझ्या खांद्यावर कलली.

हा आवाज हिला कुठून ओळखीचा? काल ऐकला असेल, छातीशीच तर होती. पण मी मोजत होते तेव्हा ती झोपलेली होती. जागी होती ती फक्त मी थोपटत होते तेवढा वेळ.

मी क्लिकर मुठीत धरला, काल धरला होता तसाच, अंगठा खटक्यावर. आणि तिच्या पाठीवर हलकंसं थोपटलं. खट. पुन्हा थोपटलं. खट. हात पाठीवर टेकला की अंगठा आपोआप दाबला जात होता. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मी एक मिनिट थोपटलं. चाळीस वेळा खटखट झालं.

एक खट म्हणजे दहा पक्षी.

 एका मिनिटाचे चारशे. आणि मी काल किती वेळ थोपटत होते, एक मिनिट, दोन, की तीन, ते मला सांगता येत नव्हतं. म्हणजे वजा करूनही खरा आकडा निघण्यासारखा नव्हता.

नवरा फेरीबोटीवर इंजिनाचं काम बघतो. चारला घरी आला, हात धुता धुता त्याने सगळं ऐकलं आणि इतका हसला की साबण खाली पडला. म्हणजे चारशे तुतवार हिच्या पाठीवर बसले होते म्हण की, असं म्हणून त्याने गोटीला उलटीसुलटी करून पिसं शोधली. मलाही हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. मग तो समजुतीने बोलायला लागला. कोणाला कळणार आहे, तुतवार काही येऊन सांगणार नाहीत, पुढच्या उधाणाला नीट मोज म्हणजे झालं. तो काही चुकीचं सांगत होता असं नाही. खरंच कोणाला कळलं नसतं. पण डॉक्टरांच्या ज्या प्रश्नावर मास्तरांनी वही मिटली होती, तो प्रश्न माझ्यापुरता पुन्हा उघडला होता. सांगितलं तर त्याचं उत्तरही द्यावं लागणार होतं: नाही, जमत नाही. पट्टा गेला असता. मास्तरांचा शब्द चारचौघांत खाली पडला असता. आणि नाही सांगितलं तर त्यांच्या वहीत चारशे की आठशे न आलेले पक्षी कायमचे उभे राहिले असते.

सासूबाई दिवसपाळी संपवून आल्या. बूट हातात घेऊन दारातच उभ्या राहून त्यांनी ऐकलं. वॉर्डात ताप चुकून भलताच लिहिला गेला तर तुम्ही काय करता, मी विचारलं. त्यांना विचारही करावा लागला नाही. गिरगटायचं नाही, पान फाडायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही.

“आणि मग पुन्हा ताप बघायचा,” त्या म्हणाल्या. “पेशंट कुठे गेलेला नसतो. तो तिथेच असतो.”

माझा पेशंट मंगळवारपर्यंतच तिथे असणार होता. उधाण तीन दिवस पुरतं. रविवारी साडेअकरा, सोमवारी बारा वीस, मंगळवारी एक दहा. मग पाणी उतरायला लागतं आणि पक्षी पट्ट्यावर जमत नाहीत.

संध्याकाळी मी मास्तरांच्या दुकानात गेले. एक बाई बाहीचं माप देत होत्या. त्यांचं होईपर्यंत मी गोटीला घेऊन बाकावर बसले. त्या गेल्यावर मास्तरांनी सुई आणि दोरा माझ्यापुढे धरला, एवढं ओवून दे म्हणाले. मी ओवता ओवता सगळं सांगून टाकलं. दोरा तिसऱ्या खेपेला नेढ्यातून गेला.

“किती वेळा थोपटलंस?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही.”

“मोजायला हवं होतंस.”

ते चेष्टेने म्हणाले की कसं, मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. त्यांनी खणातून वही काढून माझ्यापुढे ठेवली. मी चार हजार दोनशे साठवर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी सही केली. मास्तर एवढंच म्हणाले की फेरमोजणीला दोन माणसं लागतात, दोघांनी वेगवेगळं मोजायचं. डॉक्टरांचा दवाखाना दुपारी साडेबारा ते तीन बंद असतो, त्यांना निरोप देतो. तिचा आकडा तो माझा आकडा, यावर एक अक्षर नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मंगळवारी नवरा बोटीवर, सासूबाई वॉर्डात. एक दहा ही गोटीची भुकेची वेळ. निघण्याआधी पाजायला घेतलं तर ती चार घोट पिऊन माझ्याकडे बघून हसत बसली. या वेळी मी तिला पाठीवर बांधलं, म्हणजे क्लिकरचा आणि तिचा संबंधच नको. डॉक्टर माझ्याआधी येऊन उभे होते. जॅकेटखालून दवाखान्याचा पांढरा कोट लोंबत होता. “वहिनी, मी तुमच्याकडे बघणारसुद्धा नाही,” असं म्हणून ते तीस पावलांवर गेले आणि मुद्दाम पाठ करून उभे राहिले.

पट्टा भरला. मी डावीकडून सुरुवात केली. दहा, खट. गोटी पाठीवर उसळ्या मारत होती, दुर्बीण हलत होती, मी एकेक गठ्ठा दोनदा धरत होते. खांबापर्यंत आले तेव्हा पाण्याने चढायचं थांबवलं होतं. कैकर आज नव्हता. खांब ओलांडून तीन गठ्ठे मोजले आणि गोटीने भुकेचं रडणं काढलं, ज्याला थोपटून उपयोग नसतो. उजवीकडचा मोठा भाग अजून राहिला होता. मनात आलं, पाच मिनिटं. पाच मिनिटं रडल्याने कोणाचं काही बिघडत नाही, हे सासूबाईही सांगतात. मी पुढचा गठ्ठा डोळ्यात धरला, तेवढ्यात रडता रडता तिला ठसका लागला, आणि माझ्या हातांनी मला न विचारता दुर्बीण सोडली.

क्लिकर वाळूवर पालथा ठेवून मी खाली बसले, झोळी पुढे घेतली, तिला जॅकेटच्या आत ओढलं. ती अशी तुटून पडली की जणू सात महिन्यांत कोणी काही दिलंच नव्हतं. मी नुसत्या डोळ्यांनी समोर बघत होते. दुर्बीण नसली की पट्टा म्हणजे एक राखाडी रेघ, वर मोकळं आकाश. डोळा दुर्बिणीला असता तर ते मला दिसलंच नसतं. उंचावर, सूर्याच्या अंगाला, एक काळा ठिपका होता, आणि तो मोठा होत होता.

बहिरी ससाणा. पंख आवळून तो खाली आला आणि सगळा पट्टाच जमिनीवरून उचलला गेला. आवाज आला तो शंभर चादरी एकदम झटकल्यासारखा. इतके पक्षी, पण हवेत त्यांचं एकच अंग झालं होतं. ते वळलं की पोटं दिसून पांढरं व्हायचं, पुन्हा वळलं की पाठी दिसून काळं. ससाणा त्यातून आरपार गेला, रिकामाच. वर चढला, वळला. अंगाने मोठा होता, मादीच असणार. दुसऱ्या खेपेला ती कडेने आली. सगळे वळले तेव्हा कडेचा एक तुतवार पापणी लवायला लागते तेवढा मागे राहिला. हवेत पिसांचा एवढासा ढग झाला. ती त्याला घेऊन मोडक्या खांबावर जाऊन बसली आणि पिसं उपटायला लागली. थवा खाली पाण्यालगत जाऊन समुद्रावर लांबच लांब पातळ होत गेला, आणि परत आला नाही. घड्याळात एक एकोणतीस झाले होते.

मला त्या तुतवाराचं वाईट वाटलं आणि ससाण्याच्या मादीचं बरं वाटलं, दोन्ही एकाच वेळी. गोटी झाल्यापासून माझं बऱ्याच बाबतीत असं होतं. ती पीत होती. तिची मूठ माझ्या बोटाभोवती होती.

डॉक्टर वाळूतून धापा टाकत आले. त्यांचं मोजून झालं होतं, थवा उडायच्या जेमतेम मिनिटभर आधी. मग त्यांनी माझा पालथा क्लिकर बघितला, आणि गोटीला बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. ते बुटाने वाळू उकरायला लागले.

“वहिनी, माझा आकडा सांगतो,” ते म्हणाले. “तुम्ही तुमचा त्याच्या जवळपासचा लिहा. दोन्ही जुळले की विषय संपला. पट्टा तुमच्याकडेच राहील.”

ज्या माणसाला तो पट्टा तीन वर्षं हवा होता, तो हे म्हणत होता. मला खरंच भरून आलं. क्षणभर, खोटं कशाला सांगू, मी ऐकायला तयारही होते.

“नको,” मी म्हटलं. “पोरीसमोर असलं काही बोलू नका. तिला आत्ताच काय काय शिकवायचं?”

ते हसले, मग मीही.

होडीघरात मास्तर चहाचं आधण ठेवून बसले होते. मी चिठ्ठी लिहिली: खांबाच्या पुढे तीन गठ्ठ्यांपर्यंत, एक हजार आठशे नव्वद. अपूर्ण. बाळाला पाजायला थांबले. एक एकोणतीसला बहिरी ससाणा, मादी, दुसऱ्या झडपेत एक तुतवार. थवा समुद्राकडे. डॉक्टरांनी लिहिलं: तीन हजार तीनशे नव्वद. मास्तरांनी दोन्ही चिठ्ठ्या मला मोठ्याने वाचायला लावल्या. ससाण्याची ओळ दोनदा वाचायला लावली.

मग त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. डॉक्टरांचा आकडा तूच लिही म्हणाले, तुझं अक्षर बरं आहे. मी लिहिला. स्थळ तीन, मंगळवार, तीन हजार तीनशे नव्वद, आणि समोर डॉक्टरांचं नाव. सहा हिवाळ्यांत तिथे पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाचं नाव, तेही माझ्या हाताने. शाई वाळेपर्यंत मी मान वर केली नाही, आणि म्हणून वरची ओळ नजरेला पडली. स्थळ एक, रविवार, चिखले सहाशे चाळीस. त्यावर एक आडवी रेघ होती. आकडा खालून वाचता येत होता. शेजारी मास्तरांची सही.

काल संध्याकाळी मी माझी रेघ मारली तेव्हा ती तिथे नव्हती.

मी मास्तरांकडे बघितलं. ते चहा गाळत होते, आणि अर्धा चहा कपाच्या बाहेर जात होता.

“दोन वर्षं झाली,” ते म्हणाले. “लांबचे चिखले मला दिसत नाहीत. किती असायला हवेत ते ठाऊक आहे, म्हणून लिहीत गेलो. काल तू निघून गेलीस आणि वही उघडीच राहिली माझ्यापुढे.”

 डॉक्टरांनी गुपचूप त्यांच्या हातातून गाळणी घेतली. त्या दोन वर्षांच्या सगळ्या ओळींवर मास्तर रेघा मारणार होते, बसून, एकेक करून. पण त्या कुठे आहेत ते दाखवायला त्यांना कोणीतरी हवं होतं. मी दाखवीन म्हटलं.

मग ते पुढच्या उधाणाचं बोलायला लागले, नेहमीच्याच आवाजात. स्थळ तीन डॉक्टरांकडे. डॉक्टर म्हणाले की माझ्या कालवफोड्यांचं काय. मास्तर म्हणाले की ते कुठे पळून जातायत, येता येता मोजा. मला वाटलं आता माझं नाव येणार नाही. मी गोटीची टोपी नीट करत बसले.

“तू स्थळ एक घे,” मास्तर म्हणाले. “इथल्या दारापासून वीस पावलं. चिखले थोडे, पण नीट बघावे लागतात.”

“ते तुमचं आहे.”

“होतं.”

“आणि ही?”

“ही माझ्याजवळ. भूक लागली की हाक मारीन. थांब, पाज, पुन्हा पहिल्यापासून मोज. इथले चिखले पट्ट्यावरच्या थव्यासारखे उडून जात नाहीत, ते दुपारभर तिथेच असतात.”

माझा पट्टा गेला होता. मोडका खांब, तो वारा, पाऊण तासाची ती तंद्री, सगळं डॉक्टरांकडे गेलं होतं, आणि त्याचं दुःख मला पुढे कितीतरी दिवस होत राहिलं. पण त्या वेळी मी उठले आणि गोटीला मास्तरांकडे दिलं. त्यांनी तिला धरलं ते अर्धवट शिवलेला कोट धरावा तसं, दोन्ही हातांवर, कुठे चुणी पडू न देता. ती झोपली नाही तर काय कराल, मी विचारलं. एकतीस वर्षांचे आकडे मला पाठ आहेत, ते म्हणाले, भल्याभल्यांना झोप लागते.

“पहिलं वर्ष,” त्यांनी तिला सांगायला सुरुवात केली. “तुतवार दोन हजार एकशे दहा. चिखले नऊशे. कैकर एक.”

चौथ्या वर्षापर्यंत डॉक्टरांना दोन जांभया आल्या. गोटी टक्क जागी होती.